गळा दिसला, गाणे ऐकले नाही

मस्तानीविषयीची एक आख्यायिका महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिची कांती इतकी नितळ होती, की विडा खाल्ल्यावर त्याचा लाल रस गळ्यातून खाली उतरताना दिसे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे तिची कबर आहे. पाबळ आणि आणखी काही गावे बाजीरावांनी तिला दिली होती. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीरावांचे निधन झाले आणि त्याच वर्षी मस्तानीचाही अंत झाला. पुढे कादंबरीकारांनी, नाटककारांनी, चित्रपटवाल्यांनी तिचे चरित्र पुनःपुन्हा सांगितले. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ची, तिच्यावर आधारलेला हिंदी चित्रपट २०१५चा. या सर्व कथनांत ती गाते, नाचते, प्रेम करते आणि मरते. मात्र ती काय गात असे, कोणापाशी शिकली, बुंदेलखंडातून आलेले तिचे गाणे पुण्याच्या कानाला कसे वेगळे वाटले असेल, हे प्रश्न कोणाला पडलेले दिसत नाहीत. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ एका समाजाने एका गाणाऱ्या स्त्रीचा गळा स्मरणात ठेवला, पण तो पाहण्याची वस्तू म्हणून. त्या गळ्यातून निघालेल्या आवाजाबद्दल सांगण्यासारखे आपल्यापाशी काहीही नाही.

गाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत आपण तिचे चरित्र वाचतो आणि कारकीर्द वगळतो, असे मला या लेखात म्हणायचे आहे. चरित्र म्हणजे जन्म, सौंदर्य, प्रेम, फसवणूक, हालअपेष्टा, मृत्यू. कारकीर्द म्हणजे शिक्षण, रियाज, गाण्यांचा साठा, करारमदार, मिळकत, आवाजाचे उतरते वय आणि पुढच्या पिढीकडे गेलेली विद्या. पुरुष गायकाबद्दल लिहिताना आपण सहजच दुसऱ्या यादीपासून आरंभ करतो. स्त्रीच्या बाबतीत पहिलीच यादी संपता संपत नाही.

हा दोष केवळ मराठी माणसाचा नव्हे. युरोपातील ऑपेराच्या गायिकांचा इतिहास पाहिला तर तेथेही हेच चित्र दिसते. सोप्रानो म्हणजे मानवी आवाजाच्या प्रकारांतील सर्वांत उंच आवाज, आणि ऑपेराच्या नायिका बहुधा याच आवाजासाठी लिहिल्या गेल्या. पोपच्या रोममध्ये स्त्रियांना रंगमंचावर मज्जाव होता, तेव्हा खच्चीकरण केलेले पुरुष गायक हे उंच स्वर गात आणि नायिकाही तेच होत. गटे रोममध्ये होता तेव्हा त्याने पुरुषांनी वठवलेल्या स्त्रीभूमिका पाहिल्या आणि अनुकरणातच अधिक कला असते, अशा आशयाचा निबंध लिहिला. बालगंधर्वांच्या भामिनीविषयी आपल्या आजोबांच्या पिढीने जे म्हटले त्याच्याशी हा युक्तिवाद इतका मिळताजुळता आहे, की त्यावर स्वतंत्र लेखच व्हावा. येथे एवढेच नोंदवू, की गाणारी स्त्री जेव्हा प्रत्यक्ष रंगमंचावर आली तेव्हा तिच्याविषयी बोलण्याची भाषा आधीच तयार होती, आणि ती भाषा डोळ्यांची होती.

लंडनमध्ये १७२७ साली फ्रांचेस्का कुझ्झोनी आणि फाउस्टिना बोर्डोनी या दोन इटालियन गायिका एकाच ऑपेरात गात असताना प्रेक्षागृहात दंगा झाला. पुढे पत्रिकांतून आणि प्रहसनांतून अशी कथा रूढ झाली, की दोघी रंगमंचावरच एकमेकींच्या झिंज्या उपटू लागल्या. अलीकडच्या अभ्यासकांच्या मते धिंगाणा घातला तो दोघींच्या चाहत्या गटांनी. पण लोकांना दोन भांडखोर बायकांची गोष्ट हवी होती, आणि तीच टिकली. वस्तुतः हॅन्डेलने दोघींच्या गळ्यांचे भिन्न धर्म ओळखून स्वररचना केल्या होत्या. एकीची करुण, लांबवलेल्या स्वरांवरील हुकमत आणि दुसरीची चपळ तान यांतील फरक हा संगीताच्या इतिहासातील महत्त्वाचा विषय आहे. तो मात्र जाणकारांपुरताच राहिला.

व्हेर्दीचा ‘ला त्राव्हियाता’ ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसमध्ये प्रथम रंगमंचावर आला. क्षयाने मरणाऱ्या व्हायोलेटाची भूमिका फानी साल्व्हिनी-दोनातेल्ली या गायिकेकडे होती. ती शरीराने स्थूल होती, आणि क्षयरोग्याची ही अशी प्रकृती पाहून प्रेक्षक हसले. तो प्रयोग फसला, हे संगीताच्या प्रत्येक इतिहासात नमूद आहे. तिच्या गाण्याला त्याच रात्री टाळ्याही मिळाल्या होत्या, हे क्वचितच सांगितले जाते. विसाव्या शतकातील मारिया कॅलास (१९२३–१९७७) हिच्याबद्दल सामान्य वाचकाला काय ठाऊक असते? तिने घटवलेले वजन, ओनासिसवरील तिचे प्रेम, पॅरिसमधला एकाकी शेवट. जानेवारी १९४९मध्ये व्हेनिस येथे तिने वाग्नरची ब्रुनहिल्डे आणि बेल्लिनीची एल्विरा या दोन परस्परविरोधी प्रकृतीच्या भूमिका काही दिवसांच्या अंतराने गायल्या, आणि दुसरी तर आजारी पडलेल्या गायिकेच्या जागी ऐनवेळी शिकून उभी केली. आपल्याकडील उपमा द्यायची तर सकाळी धृपद आणि संध्याकाळी ठुंबरी तितक्याच अधिकाराने गाण्यासारखे हे आहे. कॅलासचे खरे चरित्र या आठवड्यात आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

तरीही युरोपीय गायिकांच्या बाबतीत एक गोष्ट त्यांच्या बाजूने घडली. त्यांच्या कारकिर्दीचा कागद शिल्लक राहिला. करारपत्रे, जाहिराती, समीक्षा, शिक्षकांच्या पद्धती, स्वरलिपी, ध्वनिमुद्रिका हे सारे जपले गेले. अॅडेलिना पाटी (१८४३–१९१९) या प्रख्यात सोप्रानोची एक हकीकत तिचा व्यवस्थापक मॅपलसन याने आठवणींत लिहून ठेवली आहे. ठरलेले हजार पौंड हाती पडल्याशिवाय ती रंगमंचावर जात नसे. एके दिवशी रकमेपैकी आठशेच जमले. तेवढे पोचल्यावर निरोप आला, की बाईंनी सगळा वेश केला आहे, फक्त बूट चढवायचे राहिले आहेत. उरलेली रक्कम आली की तेही चढतील. हकीकत रंगवलेली असेल. पण तिच्यातून एक व्यावसायिक स्त्री आपल्या श्रमाचे मोल कसे ठरवत होती ते कळते. ही कारकिर्दीची गोष्ट आहे.

आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. पाबळहून शिक्रापूरमार्गे न्हावऱ्याला यावे, भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरावे, की केडगाव लागते आणि लगेच पुढे पुणे–सोलापूर रस्त्यावरचा चौफुला. केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. चौफुल्याच्या परिसरात संगीत बारीची कलाकेंद्रे आहेत. दोन्ही ठिकाणे बायकांच्या वस्तीची, दोन्हींकडे नवऱ्याच्या छपराविना जगणाऱ्या स्त्रिया राहिल्या, आणि दोहोंमधले अंतर काही मैलांचे. रमाबाई (१८५८–१९२२) यांची उपजीविकाही बालपणी आवाजावरच चालली होती. आईवडिलांसह तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडणारी ही मुलगी १८७८मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांपुढे संस्कृत बोलली आणि पंडिता झाली. पुढे त्यांनी लिहिले, संस्था उभ्या केल्या, बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या कारकिर्दीचा तपशील आपल्याला वर्षवार सांगता येतो, आणि तो तसा सांगता यायलाच हवा. चौफुल्याच्या गाणाऱ्या बाईचा मात्र एकही वर्षवार तपशील आपल्यापाशी नाही. एक बाई लिहिती होती, उच्चवर्णीय घरात जन्मलेली होती. दुसरी गाती आहे, आणि बहुधा कोल्हाटी किंवा तत्सम जमातीतील आहे. एवढ्या फरकाने केवढे अंतर पडते!

वाचकांपैकी अनेकांनी चौफुल्याचे नाव वर्तमानपत्रातच वाचले असेल, आणि तेही एखादी आगळीक घडली म्हणून. जुलै २०२५मध्ये चौफुल्याजवळच्या एका कलाकेंद्रात गोळीबार झाल्याची बातमी काही दिवस गाजली. गोळी कोणी झाडली, तो कोणाचा कोण, याची चर्चा झाली. त्या रात्री तेथे कोण गात होते हे कोणत्याही बातमीत आले असल्याचे मला आठवत नाही. म्हणून थोडी माहिती देणे अस्थानी होणार नाही. ढोलकीच्या फडात गण, गौळण, बतावणी आणि वग असतो. संगीत बारीत वग नसतो. तेथे गाणे आणि अदा हाच ऐवज. पेटी, तबला, ढोलकी यांच्या साथीने बायकांची पार्टी आपल्या पाळीला, म्हणजे बारीला उभी राहते. नाचणारी पायात चाळ बांधते. बसून गाणारी बहुधा वयाने मोठी असते आणि अनेकदा तीच पार्टीची मालकीण. फर्माईश येते, दौलतजादा होतो, त्यातला ठरलेला वाटा थिएटरच्या मालकाकडे जातो. रसिक बैठक मागतात तेव्हा बैठकीची लावणी गायली जाते. तीत एकच ओळ गाणारी दहा वेळा घेते आणि दर वेळी चेहऱ्याने, हाताने, स्वराच्या लगावाने तिचा नवा अर्थ काढते. एकदा रुसवा, एकदा थट्टा, एकदा आर्जव, एकदा तिरस्कार. ठुंबरीतील भाव बतावणे ज्याने ऐकले आहे त्याला या विद्येची जात लगेच ओळखू येईल.

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात मी किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) शिकवत होते. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांविषयी आपण जे बोलतो ते सारे बोलून झाले होते: शोषण, जमातीचा पुरुषवर्ग, चिरा उतरवण्याची प्रथा, आई असूनही पोरके असलेले मूल. तास संपताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, शांताबाईंना हे सगळं शिकवलं कोणी?” मला उत्तर देता आले नाही. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता, आणि इतक्या वर्षांत कोणत्या प्रश्नपत्रिकेतही तो मी पाहिला नव्हता. पुस्तक मुलाचे आहे, मुलाला आई हवी होती. त्याने आईची कला मोजावी ही अपेक्षा करणे अन्यायाचे. पण आपण तर समीक्षक म्हणवतो.

त्या मुलीला आणि तिच्या एका मैत्रिणीला घेऊन मी एका दुपारी अशाच एका केंद्रावर गेले. दुपारी तेथे कपडे वाळत असतात, मुले अभ्यास करतात, कोणी पेटीवर हात फिरवत असते. तेथल्या वयस्क गाणाऱ्या बाईंनी चहा दिला आणि आम्ही काही विचारण्याआधीच सरावाने आपली कहाणी सांगायला सुरुवात केली: वडील, मालक, मुले, कर्ज. मुलीने मध्येच विचारले, “मावशी, तुमची पट्टी कोणती?” बाई थांबल्या. मग हसून म्हणाल्या, “आधी काळी पाच. आता काळी तीनवर आलेय. पोरी, आजवर आलेल्यांनी नवरा विचारला, पट्टी कोणी विचारली नव्हती.” त्यानंतर दोन तास त्या पट्टी उतरल्यावर चाल कशी बदलावी लागते, वरचा स्वर लागेनासा झाला की तिथे अदा कशी ठेवायची, कोणती लावणी म्हातारपणीच शोभते, हे सांगत राहिल्या. ऑपेराच्या कोणत्याही उतारवयातल्या सोप्रानोने शिष्येला हेच सांगितले असते. कॅलासने १९७१–७२मध्ये न्यूयॉर्कच्या जुलिआर्डमध्ये घेतलेले वर्ग ध्वनिमुद्रित झाले, त्यांवर पुस्तक झाले, नाटकही झाले. चौफुल्याचा तो वर्ग दोन विद्यार्थिनींच्या वह्यांत आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. शर्मिला रेगे यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले, की लावणीने खालच्या मानलेल्या जातींतील स्त्रीचे शरीर सदैव उपलब्ध आणि सदैव आसुसलेले म्हणून रंगवले आणि त्यावर सत्तेने आपला हक्क सांगितला. शैलजा पाईक यांच्या २०२२मधील ग्रंथाने तमाशातील दलित स्त्रियांच्या बाबतीत ‘अश्लील’ हा शिक्का जातीच्या रचनेतून कसा घडतो हे सविस्तर मांडले. मग पट्टी, चाल आणि अदा यांचे कौतुक म्हणजे शोषणावर जरीचा पदर घालणे नव्हे काय? ऑपेराविषयीही हा वाद झालेला आहे. कॅथरीन क्लेमां या फ्रेंच लेखिकेने १९७९मध्ये असे मांडले, की ऑपेराच्या नायिका एकामागून एक मरतात आणि त्या मरणाला आपण सुंदर संगीत म्हणतो. कॅरोलिन अॅबेट या अमेरिकी अभ्यासिकेने पुढे त्यावर उत्तर दिले, की संहितेत ती मरते हे खरे. पण प्रत्यक्ष प्रयोगात सर्व सभागृहावर अधिकार गाजवणारा आवाज तिचाच असतो, आणि त्या क्षणी रचनेचा कर्ता कोण हा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

मला दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या वाटतात. लावणी बहुतांशी पुरुष शाहिरांनी रचली, तिच्यातील ‘मी’ स्त्रीच्या तोंडी घातलेला पुरुषाचा मनोरथ आहे, हे मान्य. पण तीच ओळ दहाव्यांदा घेताना जेव्हा गाणारी समोरच्या रसिकाचीच टर उडवते, तेव्हा त्या ओळीवर शाहिराची मालकी कितीशी उरते? हे ठरवण्यासाठी संहिता पुरत नाही, ऐकावे लागते. आणि कारकीर्द लिहायची म्हणजे शोषण झाकायचे, असेही मुळीच नाही. उचल किती घेतली, ती फिटायला किती हंगाम लागले, वाट्यातला कितवा हिस्सा कोणाच्या हाती गेला, बाळंतपणानंतर किती दिवसांनी चाळ पुन्हा पायात आले, हे सर्व कारकिर्दीचेच तपशील आहेत. करुण कहाणीत ते विरघळून जातात; हिशेबात मांडले की अन्यायाचा आकडा डोळ्यांपुढे येतो.

विठाबाई नारायणगावकर (मृत्यू २००२) यांच्या बाबतीत हे तीव्रतेने जाणवते. शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचे हे नाव. त्यांची एकच गोष्ट सर्वत्र सांगितली जाते: दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. ऐकणारा हळहळतो आणि थक्क होतो. पण भाऊ-बापूंच्या फडात वाढलेल्या या बाईने वगातली कोणती पात्रे कशी उभी केली, त्यांच्या गाण्यात वडिलांच्या पिढीचे काय होते आणि स्वतःचे काय होते, याविषयी आपली समीक्षा किती पाने लिहू शकेल? १९५७ आणि १९९० असे दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलेली ही कलावंत. दोन गौरवांमधल्या तेहतीस वर्षांत त्या काय गायल्या हे न सांगता आपण त्यांना एका रात्रीत कोंडून ठेवले आहे.

कारकीर्द लिहिताच येत नाही, असेही नाही. गोव्यातल्या कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) लहानपणी नाटक मंडळ्यांतून कामे करत होत्या. पुढे अल्लादिया खाँसाहेबांचे शिष्यत्व लाभले आणि त्यांची प्रत्येक पायरी आपण नोंदवली: गुरू, राग, बंदिशी, मैफली, किशोरीताईंपर्यंत पोचलेला वारसा. हिराबाई बडोदेकरांचेही (१९०५–१९८९) तसेच. सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांनी लावणीच गायली. पण ती ध्वनिमुद्रिकेतून घराघरांत गेली आणि रंगमंचावर त्या डोक्यावरून पदर घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या लावण्यांचे गीतकार, संगीतकार, चित्रपट आपण बिनचूक सांगतो. यातून जो नियम निघतो तो फारसा अभिमानास्पद नाही. आवाज शरीरापासून सुटा करून दिला, तरच आपल्याला तो ऐकू येतो. चाळ बांधलेल्या शरीरातून आलेला आवाज आपण पाहत बसतो.

यमुनाबाई वाईकर १५ मे २०१८ रोजी एकशेदोन वर्षांच्या होऊन गेल्या. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ची पद्मश्री त्यांना मिळाली. बैठकीच्या लावणीची ती शेवटची मोठी पिढी म्हणावी लागेल. सावित्री मेधातुल यांचा ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट आणि भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ (२०१४) यांनी या जगाकडे आदराने आणि कान उघडे ठेवून पाहण्याची वाट दाखवली. ती वाट पुढे नेण्याचे काम साहित्याच्या प्राध्यापकांचेही आहे, केवळ संगीताच्या नव्हे. कारण जे हरवते आहे त्यात चालींबरोबर अर्थ लावण्याची एक संपूर्ण पद्धतही आहे. एका ओळीचे दहा अर्थ करणारी व्यक्ती ही आपल्या व्यवसायाची आहे.

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत महाविद्यालये आहेत, मराठीचे विभाग आहेत, प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी आहेत. त्यांनी वही घेऊन जावे. जाताना कहाणी ऐकायची तयारी ठेवावीच, ती ऐकून घेणे हा सौजन्याचा भाग आहे. पण त्यानंतर विचारावे: कोणी शिकवले, किती लावण्या येतात, त्यांतल्या कोणत्या आता कोणी मागत नाही, पट्टी कोणती होती आणि कोणती झाली, पुढे कोणाला दिले. आणि उत्तर देणाऱ्या बाईचे नाव, तिची परवानगी असेल तर, वहीत सर्वांत वर लिहावे. आमच्या त्या दोन वह्यांत सध्या एकोणीस लावण्यांची यादी आहे. त्यांतल्या सहा त्या बाईंनी ऐकवल्या. उरलेल्या तेरांसाठी पुन्हा जायचे आहे, आणि काळी तीन किती दिवस टिकेल याची त्यांनाही खात्री नाही.